पान सोडल्याचं कारण

चिंचवड,
रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९५८

डॉ. सुभद्राबाई यांस,

सप्रेम नमस्कार. यातला ‘सप्रेम’ तुम्ही खोडलात तर माझी हरकत नाही, नमस्कार मात्र राहू द्यावा. दोन वर्षांनी हात जोडतो आहे.

इकडचं सगळं बरं चाललं आहे. थंडी ओसरली, नदीला अजून पाणी आहे. आमच्या मंडळी दुर्गाबाई मजेत आहेत. माझ्या कपड्यांना ईथरचा वास येतो ही त्यांची तक्रार पहिल्यासारखीच आहे, फक्त आता त्या ती शेजाऱ्यांकडेही करतात. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना जोरात आहे आणि त्यामुळे मी काळजीत आहे. पोरांचे घसे वेळेवर बरे झाले तर त्यांचे सांधे सुजणार नाहीत, सांधे सुजले नाहीत तर हृदयाची झडप चिकटणार नाही, आणि मग ती मोकळी करायला आपल्या सर्जन उद्धवरावांनी बोट कुठं घालायचं आणि मी भूल कुणाला द्यायची? ज्या गावात जन्मलो त्याच गावाच्या शेजारी माझा धंदा बसवायची सोय सरकारने करून ठेवली आहे.

गेल्या महिन्यात पुण्याला डॉक्टरांची सभा झाली. हृदयाच्या शस्त्रक्रियेत भूल देणाऱ्याचं शिक्षण कसं असावं, यावर मला बोलायला लावलं. मी काय बोलणार? माझं शिक्षण कसं झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्रेचाळीस साली आसामातल्या लष्करी तंबूत एका मेजरने आम्हा चौघा नव्या डॉक्टरांकडे पाहिलं आणि म्हणाला, यात सगळ्यांत कमी बोलणारा कोण? तिघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून मी भूल देतो. आधी फडक्यावर क्लोरोफॉर्म, मग जाळीवर ईथरचे थेंब, मग बाटल्यांचं विलायती यंत्र. लढाई संपल्यावर सहा महिने मुंबईत उभं राहून श्वासनळीत नळी कशी घालतात ते पाहिलं. त्रेपन्न साली उद्धवराव विलायतेहून छाती उघडायला शिकून आले, तेव्हा आपल्या छातीच्या इस्पितळात भूल देणारा मी एकटाच होतो. शिकवायला कुणी नव्हतं म्हणून मी तज्ज्ञ झालो. सभेत हे असं सांगितलं नाही. ‘अनुभवातून ज्ञान’ असं काहीतरी म्हणालो.

आपली जागा तरी काय असते? रोगी बरा झाला की नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात, सिस्टरला पेढे देतात, झाडूवाल्याचीसुद्धा आठवण काढतात. ज्याने झोपवलं आणि पुन्हा उठवलं, त्याचं तोंड कुणाला आठवत नाही, कारण रोगी तेव्हा झोपलेला असतो. तुम्ही तीन वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर बसलात, तुम्हाला वेगळं काय सांगू.

सभेत शेवटी मी आपला नियम सांगितला. आधी ओठ पाहा, मग नखं, मग यंत्राचा काटा. रक्तात प्राणवायू कमी पडला की ओठ आणि नखं आधी निळी होतात, काटा मागाहून सांगतो. टाळ्या पडल्या. पाठीमागून एका तरुण डॉक्टरने विचारलं, ओठ आणि नखं दोन्ही दिसत नसतील तर काय पाहावं? मी म्हटलं, असं होत नाही. असं होतं, हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं. आणि तिकडे देहूरोडला तुम्हाला.

कुरुळीची रंभा, आपली झडपेची पेशंट, परवा आली होती. चांगली जाडजूड झाली आहे. चाकणच्या बाजाराला पायी जाते, डोक्यावर पाटी घेऊन. बरोबर सासू आक्काबाई आणि एक पोतडीभर भुईमुगाच्या शेंगा. शेंगा तुमच्यासाठी होत्या. ‘त्या वरडनाऱ्या बाई कुठं हायेत?’ हा आक्काबाईंचा पहिला प्रश्न. देहूरोडला कामगारांच्या दवाखान्यात असतात, बाळंतिणींना ईथर देतात, असं सांगितलं. शेंगा माझ्याकडेच आहेत. दुर्गाबाईंनी निम्म्या भाजल्या, निम्म्या राखून ठेवल्या आहेत.

रंभा दिसली आणि तो दिवस पुन्हा आठवला. छप्पन सालचा मार्च. तिला ऑपरेशनला आणायच्या आदल्या दिवशी आक्काबाईंनी तिला नवरीसारखी नटवली होती. हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, तळहातापासून नखांपर्यंत मेंदी. सिस्टर संतापल्या. आक्काबाई त्यांना म्हणाल्या, ‘मेली तर सवाष्ण मरंल, वाचली तर मेंदी रंगलेलीच हाय.’ मला हसू आलं. चुडा उतरवा, कुंकू पुसा, मेंदी राहू द्या, ती काय भूल थोडीच अडवते, असं मी सांगितलं. मिश्री लावून लावून तिचे ओठ आणि हिरड्या काळ्या होत्याच. म्हणजे ओठ गेले, नखं गेली. आपल्या नियमाचे दोन्ही डोळे बांधून आम्ही तिला टेबलावर घेतली.

पुढचं तुम्ही केलंत. तिला उजव्या कुशीवर वळवली, उद्धवरावांनी डावी छाती उघडली, आणि आत पाहून खूश झाले. फुफ्फुस नेहमीसारखं मध्येमध्ये फुगत नव्हतं. ‘आज फुफ्फुस शहाण्यासारखं पडून आहे,’ असं म्हणाले. बोट आत घालायची तयारी झाली. तेव्हा तुम्ही तिची खालची पापणी ओढून आतला रंग पाहिलात आणि म्हणालात, ‘थांबा.’ त्या थिएटरात उद्धवरावांना तो शब्द त्याआधी कुणी म्हटला नव्हता, त्यानंतरही कुणी म्हटलेला नाही. ते थांबले. चार मिनिटं. तुम्ही नळी दोन बोटं वर ओढलीत. ती सरकून एकाच बाजूला उतरली होती. डावं फुफ्फुस शहाणं नव्हतं, त्याला हवाच मिळत नव्हती. मग ते फुगलं, उद्धवरावांच्या हाताआड आलं, ते चिडले, आणि रंभा वाचली.

दुसऱ्या दिवशी त्या चार मिनिटांची चौकशी झाली. त्यात मी काही बोललो नाही. महिनाभरात तुमची बदली झाली.

असो. कामाचं लिहितो. येत्या २७ तारखेला, गुरुवारी सकाळी, उद्धवराव अशाच एका चिकटलेल्या झडपेचं ऑपरेशन करणार आहेत. पुरुष, वय सत्तेचाळीस. त्या दिवशी भूल देणं मला शक्य नाही, अडचण आहे. माझ्या हाताखाली दोघे आहेत. हुशार आहेत, पण फार आज्ञाधारक आहेत. मीच शिकवले आहेत, हीच भीती आहे. उद्धवरावांना दोघेही कधी थांबवणार नाहीत. तुम्ही याल का? एका दिवसाचा प्रश्न आहे. नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. तो पेशंट समजून घेईल की नाही, ते सांगता येत नाही.

उत्तर कार्डावर लिहिलंत तरी चालेल.

आपला,
रंगराव

ता. क. मी पान सोडलं आहे. ऐकून तुम्हाला हसू येईल. कारण पुन्हा केव्हातरी.


चिंचवड,
रविवार, ता. १६ फेब्रुवारी १९५८

डॉ. सुभद्राबाई यांस,

नमस्कार. या वेळी ‘सप्रेम’ मीच गाळला आहे, तुमचे श्रम वाचले.

तुमचं कार्ड मिळालं. ‘पेशंटचे नाव, वजन, पूर्वीचे आजार, व्यसने कळवावीत. मग ठरवीन.’ एवढा मजकूर, खाली सही, बाकी कार्ड कोरं. दुर्गाबाईंनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, बाई कमी बोलतात. मी म्हटलं, त्यांना माझ्याकडे ट्रेनिंग मिळालं आहे. खरं तर तसं नाही. मी गप्प बसतो आणि तुम्ही कमी बोलता. यातला फरक मला या आठवड्यात नीट समजला.

तुम्ही विचारलेलं प्रत्येक उत्तर सरळ द्यावं असं ठरवून बसलो होतो, पण पहिल्याच प्रश्नापाशी लेखणी अडली. शेवटी व्यसनापासून सुरुवात करतो, ते सोपं आहे. व्यसन पान. दिवसाला पंधरा-वीस, काळी तंबाखू, चुना जास्त. गेली अठरा वर्षं. सव्वीस जानेवारीच्या सुमारास बंद.

पेशंट कोण ते कळलं असेल.

त्याचं असं झालं. दाढ दुखायला लागली म्हणून स्टेशनाजवळच्या दातवाल्याकडे गेलो. त्याने ती उपटली आणि जखम भरेपर्यंत पान खायचं नाही म्हणून बजावलं. पाच दिवस मी माणसासारखा वागलो. सहाव्या दिवशी जखम पांढरी पडून मिटली होती. सकाळी न्हाणीत खोकला आला, थुंकलो, तर लाल. दुर्गाबाई दारातून म्हणाल्या, ‘चोरून खाल्लंत ना?’ मी शपथ घेतली. त्यांचा विश्वास बसला नाही. मलाही आधी वाटलं, दाढेचंच असेल. मग आरशात तोंड उघडून पाहिलं. दाढेची जागा कोरडी होती. पुन्हा खोकलो. पुन्हा लाल. छातीतून येत होतं.

पंधरा वर्षं लोकांच्या ओठांचे रंग पाहत आलो. स्वतःच्या तोंडातून कधीपासून रक्त येत होतं ते मला सांगता येत नाही, कारण त्यावर रोज वीस पानांचा रंग चढत होता. आक्काबाईंच्या मेंदीला मी हसलो होतो. त्यांनी निदान सुनेला एकदाच रंगवलं.

मग दार लावून स्वतःच्या छातीला स्टेथॉस्कोप लावला. तो आवाज तुम्हाला माहीत आहे, लांबच्या रस्त्यावरून बैलगाडी गेल्यासारखा. दहा वर्षांचा असताना रहाटणीला सांधे सुजून दोन महिने अंथरुणावर होतो, हे त्या क्षणी आठवलं. इस्पितळाच्या जिन्यावर मधेच थांबून मी खालच्या बागेकडे पाहतो, त्याला तुम्ही सगळे माझा निसर्गप्रेमीपणा समजत होता. मीही तसंच समजत होतो. पूर्वीचे आजार या प्रश्नाचं उत्तर आलं. वजन एकशे अठ्ठावीस पौंड, सहा महिन्यांपूर्वी एकशे चाळीस.

उद्धवरावांनी तपासलं, वर पाहिलं आणि म्हणाले, २७ तारखेची जागा रिकामी आहे. त्यांच्याकडे सहानुभूती दाखवायची हीच पद्धत आहे. भूल कोण देणार, हे त्यांनी विचारलं. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी येऊन तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं.

त्या पत्रात दोन गोष्टी खोट्या आहेत. तुम्हाला माहीत असणारच, तरी लिहितो, कारण तुम्हाला माहीत असणं आणि मी लिहिणं यात अंतर आहे.

‘पुढचं तुम्ही केलंत’ असं लिहिलं, पण रंभाच्या गळ्यात ती नळी मी घातली होती. कुशीवर वळवल्यावर ती सरकली का, हे पाहायचं काम माझं होतं. मी श्वास देण्याची पिशवी तुमच्या हातात दिली आणि बाहेर गेलो. हृदयाचं ऑपरेशन चालू असताना मी पान लावायला गेलो होतो. चुन्याची डबी संपली होती, म्हणून बाकावर बसलेल्या आक्काबाईंनी चंची सोडून मला चुना दिला. ‘थांबा’ मी दारापलीकडून ऐकला. धावत आत आलो, तोवर तुमचं काम झालं होतं.

आक्काबाई मागच्या आठवड्यात शेंगा घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा वेळ टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘तुमी तर तवा भाईर व्हतात. आमच्यापाशी.’ रागाने नाही, ओळख पटली म्हणून. मग मला आपुलकीने पान पुढे केलं. मी सोडलं आहे म्हटलं तर त्यांना खरं वाटेना. ‘अवं, येवढं ग्वाड पान सोडत्यात व्हय?’ म्हणून त्यांनी चंची बांधून टाकली. जगात ही एकच बाई आहे जिने मला त्या वेळी बाहेर पाहिलं, आणि तिने ते मैत्रीच्या खुणेसारखं जपून ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट. चौकशीत मी काही बोललो नाही, असं लिहिलं. ते अक्षरशः खरं आहे. माझ्या तोंडात पान होतं. उद्धवरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘रंगराव, थांबायची खरोखर गरज होती का?’ मी मान हलवली. नाही अशी. तोंड भरलेलं असलं की माणसाला बोलावं लागत नाही, आणि नंतर स्वतःला सांगता येतं की आपण खोटं बोललो नाही. अठरा वर्षं लोकांना वाटत होतं की मी चवीसाठी खातो. त्या दिवशी भुलेच्या कागदावर मी शेरा लिहिला, ‘सहायकाच्या अननुभवामुळे चार मिनिटे विनाकारण खंड.’ अक्षर सुवाच्य आहे. तुमची बदली त्या अक्षरावर झाली.

शुक्रवारी सकाळी उद्धवराव हात धूत असताना मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते पूर्ण वेळ हात चोळत राहिले. शेवटी नळ बंद करून म्हणाले, ‘म्हणजे फुफ्फुस शहाणं नव्हतं.’ मी नाही म्हटलं. ‘त्या आल्या तर मलाही थांबवतील?’ थांबवतील, असं मी सांगितलं. ‘मग बोलवा,’ म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशीच्या भुलेला मी माझ्या आज्ञाधारक दोघांपैकी एकाला बसवलं आणि स्वतः खुर्ची घेऊन शेजारी बसलो. कुठेही गेलो नाही.

त्याच दुपारी जुन्या कागदांतून तो कागद काढला. शेरा खोडला नाही, खोडलेलं वाईट दिसतं. खाली लिहिलं की नळी मी घातली होती, ती सरकली, मी हजर नव्हतो, आणि डॉ. सुभद्राबाईंनी ते वेळेत ओळखलं. सही केली, तारीख टाकली. एक प्रत सुपरिंटेंडेंटसाहेबांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मला बसायला सांगितलं. आजपर्यंत ते मला उभं राहूनच बोलायला लावत. आजारी माणसाला खुर्ची मिळाली की गुन्हेगाराला, ते मला कळलं नाही. दुसरी प्रत या पाकिटात आहे. हा काही सौदा नाही. तुम्ही न आलात तरी तो कागद परत निघणार नाही.

आता शेवटचं. मी मरणाला भितो का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या जागी मी असतो तर विचारलं असतं, कारण घाबरलेल्या माणसाला भूल जास्त लागते. भितो. मोजून सांगायचं तर भुलेच्या नेहमीच्या मापाच्या वर थोडी धरा. पिशवी दुसऱ्याच्या हातात असणं म्हणजे काय, हे मी पंधरा वर्षांत एकाही रोग्याला विचारलं नाही. उद्धवराव माझ्या हृदयात बोट घालतील, तेव्हा आज्ञाधारक माणूस डोक्याशी असेल तर तो काट्याकडे पाहील आणि उद्धवरावांच्या तोंडाकडे पाहील. माझ्याकडे पाहणारं कुणी हवं आहे. माझ्यामुळे नोकरीची वाट बदललेल्या बाईंकडे हे मागतो आहे, आणि मागताना मला लाज वाटते, पण लाजेने माणूस शुद्धीवर येत नाही.

दुर्गाबाईंना ऑपरेशनचं सांगितलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, ‘त्या बाई येणार असतील तर मी बाहेर बसेन. नाहीतर मी आत येणार.’ तुमच्या थिएटरात त्या आल्या तर काय होईल याची कल्पना करा आणि निर्णय घ्या. राखून ठेवलेल्या शेंगा त्या बरोबर आणणार आहेत. तुम्ही आलात तर तुमच्या हातात देतील, असं ठरलं आहे.

माझ्याकडून तयारी झाली आहे. नखं कापून, घासून स्वच्छ केली आहेत. आज पान बंद करून बावीस दिवस झाले. ओठांवरचा डाग अजून थोडा आहे, तो जावा म्हणून रोज सकाळी लिंबू चोळतो, त्यावरून घरात हसं चालू आहे. २७ तारखेपर्यंत तो पुरता फिका होईल. पापणी ओढून पाहायची वेळ तुमच्यावर येऊ नये, एवढं माझ्या हातात होतं, ते केलं.

लोभ असावा, असं लिहायची पद्धत आहे. लोभ नसला तरी चालेल. लक्ष असावं.

रंगराव